टाकीत तळहात कोणी दाखवला?

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी वाचते ते दुपारी मसाला वाळत घातल्यावर, वेळ जावा म्हणून. बऱ्याचदा हसतेसुद्धा. पांढरी साडी, पैंजण, वडाचं झाड... रागावू नका, पण मला यातलं काही म्हणजे काही पटत नाही. माझं माहेर रत्नागिरीकडचं. भुताखेतांच्या गोष्टी लहानपणी भाताबरोबर खाल्ल्यात म्हणा ना. तरी विश्वास कधी बसला नाही, आणि आजही बसलाय असं मी म्हणणार नाही. जे झालं ते लिहितेय. ज्यांना फोनमधलं कळतं त्यांनी मला खुशाल वेड्यात काढा, फक्त कारण सांगा.

आम्ही मीरा रोडला पेणकरपाड्यात राहतो. जुनी बिल्डिंग, चार माळे, लिफ्ट नाही. खाली पार्किंग, आणि पार्किंगच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, जमिनीखाली एक जुनी पाण्याची टाकी. सोसायटीने पुढच्या बाजूला नवी टाकी बांधली तेव्हापासून ही बंदच होती. वर लोखंडी झाकण, झाकणावर कोणाची तरी मोडकी सायकल. टाकी आहे हे अर्ध्या लोकांना माहीतही नव्हतं.

यंदा मे महिन्यात पाण्याचे असे हाल झाले की विचारू नका. टँकर यायचा, पण नव्या टाकीत सगळं पाणी मावायचं नाही. मग आमचे सेक्रेटरी बिपिनभाई, तळमजल्यावर राहतात, कपड्यांचं दुकान आहे त्यांचं, त्यांच्या डोक्यात आलं की जुनी टाकी साफ करून वापरायला काढू. साफ करणारी माणसं सांगून ठेवली होती. ती त्या दिवशी आलीच नाहीत. आणि संध्याकाळी टँकर येणार होता.

"त्यात काय? मी उतरतो की," आमचे हे म्हणाले.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. माझा नवरा कारखान्यात फिटर होता, आता रिटायर. घरात नळ गळला, मिक्सर बंद पडला, शेजारणीच्या दाराची कडी अडकली, सगळीकडे हे हजर. बाहेरचा माणूस बोलावला की ह्यांना अपमान वाटतो. आणि मुख्य म्हणजे गावची विहीर. आमच्याकडे तिला बाव म्हणतात. पावसाच्या आधी बाव उपसायची, उतरून गाळ काढायचा, हे काम ह्यांच्या घराकडे. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे बावीत उतरतायत.

"बाव काय नि टाकी काय! बावीपेक्षा ही बरी, शिडी तरी हाय हिला," हे म्हणाले. मला पण तेव्हा पटलं हो. मीही त्याच मातीतली. विहिरीत उतरणारा माणूस टाकीत का उतरू शकणार नाही, असंच मला वाटलं.

दुपारचे जेमतेम चार झाले असतील. बाहेर ऊन रणरणतंय आणि पार्किंगच्या त्या कोपऱ्यात मात्र दिवसाही अंधार. बिपिनभाई, हे आणि मी, आम्ही तिघंच. झाकण पहारीने उचकटलं. आतून कोंदट, गोडसर कुजका वास आला. ह्यांनी गावच्या रीतीप्रमाणे नारळ फोडला, निरांजन लावलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या टाकीत उतरतोय, चुकलंमाकलं सांभाळून घे, वाकड्याचं सरळ कर..." मी मागून "व्हय म्हाराजा" म्हटलं. बिपिनभाईंना काय म्हणायचं ते कळेना, त्यांनी "जय श्री कृष्ण" म्हणून टाकलं.

मग मी म्हटलं, उतरण्याआधी आत किती गाळ आहे, शिडी धड आहे की नाही, ते बघून घेऊ. मी फोटो काढते.

हसू नका. मी घरून मसाले विकते. मालवणी मसाला, मेतकूट, भाजणी. त्याचे फोटो टाकावे लागतात आणि माझे हात कायम तिखटाने माखलेले. म्हणून फोनमधलं सगळं मी स्वतः शिकलेय. तळहात दाखवला की आपोआप फोटो निघतो, ती सोय मी कायम चालू ठेवते. माझ्या फोनात ती मागच्या कॅमेऱ्यालाही चालते. हात कॅमेऱ्यासमोर धरायचा, स्क्रीनवर हाताभोवती पिवळा चौकोन येतो, टिक टिक टिक वाजतं आणि फोटो. आणि संध्याकाळच्या पिवळ्या बल्बमध्ये फोटो नीट यावेत म्हणून नाइट मोड. त्याची एकच कटकट. फोटो निघेपर्यंत दोन-तीन सेकंद फोन जराही हलता कामा नये. हलला की सगळं फिसकटतं.

भाजी धुवायच्या प्लॅस्टिकच्या टोपलीच्या बुडाला मी कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं. फोन आत आडवा ठेवला, कॅमेरा खाली, स्क्रीन वर. तराजूच्या पारड्यासारखी चारी बाजूंनी सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने टोपली आत सोडली. टाकी दीड पुरुष खोल असेल. पहिला फोटो फ्लॅश लावून काढला. नुसती पांढरी धूळ. मग फ्लॅश बंद, नाइट मोड, टायमर. टोपली गरगर फिरत होती, त्यामुळे आला तो फोटो म्हणजे नुसता काळा-करडा राडा.

"झालं का तुझं शूटिंग?" हे वैतागले. "टँकर दारात येऊन उभा राहील."

"एकदाच हो. टायमर वाढवते, टोपली जरा स्थिर होऊ दे."

टायमर बदलायला मी तो आधी बंद केला. तेवढ्यात ह्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली आणि सोडलीसुद्धा आत.

"अहो, थांबा! टायमर लावलाच नाही मी!"

"मग आता काय?"

"मग आता फोटो कसा निघणार? वर घ्या."

हे काहीतरी पुटपुटले आणि दोरी ओढणार, तेवढ्यात खालून आवाज आला... टिक. टिक. टिक.

वरून फोनची स्क्रीन दिसत होती. काळीकुट्ट. त्या काळ्यात, एका कडेला, पिवळा चौकोन.

आणि खटक.

मला वाटलं, असेल. दोरीची सावली पडली असेल, काहीही असेल. टोपली वर घेतली, फोटो उघडला. फोटो असा सुरेख आला होता, काय सांगू! खालचा काळा ओलसर गाळ, भिंतीवरचे पाण्याचे पट्टे, आणि मधोमध लोखंडी शिडीची शेवटची पायरी. पायरीवरचा गंजाचा पापुद्रा न् पापुद्रा मोजून घ्यावा इतकं स्पष्ट. बाकी टाकी रिकामी. माणूस नाही, हात नाही, उंदीरसुद्धा नाही.

"बघ!" हे खूश. "हात स्थिर लागतो त्याला. तू नुसती टोपली हलवत होतीस."

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. दोरी ह्यांच्या हातात होती खरी, पण टोपली फिरतच होती. मी डोळ्यांनी पाहत होते. फिरत्या टोपलीतून नाइट मोडमध्ये असा फोटो येऊच शकत नाही. त्या दोन-तीन सेकंदांपुरता कोणीतरी फोन हातात धरून ठेवल्याशिवाय नाही.

"बिपिनभाई," मी म्हटलं, "ये फोन हथेली देखे बिना फोटो नहीं निकालता."

"अरे भाभी, मशीन है. कभी कभी होता है."

"कभी कभी नहीं होता."

मी तिथेच करून दाखवलं. फोन भिंतीकडे धरला, काही नाही. नारळाची करवंटी समोर धरली, काही नाही. ह्यांची चप्पल धरली, तरी नाही. माझा पंजा दाखवला, लगेच पिवळा चौकोन, टिक टिक टिक.

मी टोपली परत सोडली. यावेळी दोरी माझ्या हातात. टोपली खाली गेली, फिरायला लागली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. पिवळा चौकोन आला. टिक टिक टिक. आणि मला हातात जाणवलं... दोरी हलकी झाली. खालून कोणी टोपली जराशी उचलून धरावी, तशी. खटक झालं आणि वजन परत आलं.

वर घेतला फोटो. तीच शिडी. तीच शेवटची पायरी, अगदी मधोमध. टोपली तोंड कुठेही फिरवून थांबली असती. चार भिंती होत्या, अख्खा गाळ होता. पण नाही. पायरीच.

मी ती हाताची सोय बंद करून टोपली सोडली. काही वाजलं नाही. चालू करून सोडली. वाजलं. पायरी. माझ्या अंगावर काटा आला तो कोपरापासून खांद्यापर्यंत गेला. तरी भुताचं नाव तोंडातून काढायची लाज वाटत होती. सोसायटीत मी तोंडाची खमकी म्हणून प्रसिद्ध, उद्या सगळ्या बायका हसल्या असत्या.

"उतरू नका," मी एवढंच म्हटलं.

"का?"

"मला बरं वाटत नाहीय."

"तुला बरं वाटत नाय तर तू वर जाऊन पड." हे शर्ट काढून तयार. लुंगी वर खोचली, काठावर बसले, एक पाय आत टाकला. वरच्या पायरीवर पाय टेकल्याचा आवाज मी ऐकला.

मग मात्र मी काय केलं ते मलाच नीट आठवत नाही. ह्यांचा दंड धरून मी असा हिसका मारला की हे मागे पार्किंगच्या लादीवर आडवे. आणि मी जाऊन त्या टाकीच्या तोंडावर बसले. खरोखर बसले! माझं शरीर काही कमी नाही, तोंड पुरतं झाकलं गेलं.

"डोकं फिरलंय काय गो तुझं?" हे ओरडले. कोपर खरचटलं होतं. "चार माणसांत अब्रू घालवतेस? ऊठ!"

"नाही उठणार."

"ऊठ म्हणतो ना!"

"मला उचलायला क्रेन आणा. नाही उठणार म्हणजे नाही उठणार!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे माझ्यावर असे कधी चिडले नव्हते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि खालून त्या भोकातला गारवा पाठीला लागत होता. बिपिनभाई बिचारे मध्ये उभे, ह्यांना "भुवडभाई, शांति", मला "भाभी, शांति" करत. शेवटी मीच म्हटलं, ठीक आहे, आत कोण आहे ते उजेडात बघू. काही नसलं तर उतरा, मी अडवणार नाही. नारळाजवळचं निरांजन तेवत होतं. ते बादलीत ठेवलं, मी उठून बाजूला सरकले आणि बादली हळूहळू आत सोडली.

निम्म्यावर गेली आणि ज्योत विझली.

वारा नव्हता. ज्योत फडफडलीसुद्धा नाही. बारीक झाली, निळी झाली आणि गेली. परत लावून सोडली. परत त्याच ठिकाणी गेली. आमच्या बावीत असं कधी झालं नव्हतं, ती वरून उघडी असते. ही टाकी मात्र वर्षानुवर्षं बंद. आत कुजलेला गाळ, गंजकं लोखंड, आणि श्वास घ्यायला हवाच नाही. हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लहान पोरासारख्या आवाजात म्हणाले, "मी तर पाय टाकला होता गो."

मी त्यांना जवळ घेतलं, बिपिनभाईंच्या समोर, आणि रडले.

टँकर परत पाठवला. दुसऱ्या दिवशी बिपिनभाईंनी रीतसर काम करणारा माणूस बोलावला. तो हवा तपासायचा मीटर घेऊन आला, आत सोडला आणि मीटर जो कोकलायला लागला तो थांबेना. आधी त्या माणसाने मलाच झापलं. म्हणाला, बंद टाकीत पेटता दिवा सोडतात का, आत पेटणारा गॅस असता तर भडका उडाला असता, तुम्ही तिघंही गेला असता. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही शेवटच्या पायरीपर्यंतसुद्धा शुद्धीत पोचला नसता. आणि तुम्हाला काढायला जो उतरला असता तोही नाही." तो उतरणारा कोण असता ते मला पक्कं माहीत आहे. मीच उतरले असते.

तर हवेचं कारण मिळालं. ते मी मानते. ते शास्त्र आहे. पण हवा कॅमेऱ्याला तळहात दाखवते का?

भाईंदर पश्चिमेला एका मोबाइल रिपेअरवाल्याकडे फोन घेऊन गेले. चांगला हुशार मुलगा आहे. म्हणाला, प्रकाशाची तिरीप पडली असेल. मग त्याने दुकानातला दिवा बंद करून हातमोजा, कंगवा, झाडाचं पान, सगळं दाखवून पाहिलं. फोन फसला नाही. दोरीला टांगून नाइट मोडमध्ये फोटो काढले, सगळे फिसकटले. माझे टाकीतले फोटो त्याने मोठे करून करून पाहिले. शेवटी फोन परत दिला आणि म्हणाला, "काकी, मला नाही सांगता येत."

आणि हो, तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. टाकीत कोणी मेलं होतं का? नाही. मी सगळ्यांना विचारलं. बिल्डिंग बांधली तेव्हापासूनच्या म्हाताऱ्यांना विचारलं, पाड्यातल्या जुन्या घरांत जाऊन विचारलं. एक बाई म्हणाली, "आदी हितं शेत हुतं, दुसरं काय बी न्हाय." कोणी मेलं नव्हतं, कोणी पडलं नव्हतं, कोणाची नावनिशाणी नाही. आमचं, ओळखीचं असं कोणीच नाही तिथे.

सोसायटीने टाकी भरून टाकायचं ठरवलं. डेब्रिजची गाडी यायची होती त्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले, "चल, फोन घे." टाकीजवळ जायची दोघांनाही भीती वाटत होती, पण गेलो. तीच टोपली, हाताची सोय चालू, नाइट मोड चालू. हे स्वतः दोरी सोडत होते. टोपली तळाला पोचली, गरगर फिरली, हळूहळू थांबली. आम्ही वाट पाहिली. खूप वेळ पाहिली. स्क्रीन काळीच राहिली. पिवळा चौकोन आला नाही, काही वाजलं नाही.

त्या दिवशी कोणी उतरणार नव्हतं, म्हणून? की आधीच काही नव्हतं? मला माहीत नाही. ह्यांनी टोपली वर ओढली, वाकून एकदा आत बघितलं आणि म्हणाले, "गेलं वाटतं." मग गाडीवाल्याला हाक मारली.

ते फोटो माझ्याकडे अजून आहेत, पण मी इथे टाकणार नाही. टाकले तरी तुम्हाला रिकामी टाकी आणि गंजकी पायरी दिसेल, दुसरं काही नाही. माझ्या भाचीचं म्हणणं, मावशी, तो सॉफ्टवेअरचा बग आहे. असेल बाई. बग असेल तर बग. मी त्याचं नाव विचारायला जाणार नाही. हे लिहितेय तेव्हा हे समोर बसून चहात खारी बुडवतायत, अर्धी खारी कपात पडलीय, आणि मला विचारतायत की एवढं काय टाइप करतेस, नवीन चहा कोण टाकणार? मी टाकते. त्यांना हवे तितके कप टाकते.